मुलांचा लठ्ठपणा, व्यायाम आणि सरकार : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

एकवीस वर्षं मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आहे. पालकसभा संपली की वर्गशिक्षकांभोवती गुणपत्रिकांची गर्दी होते, आणि माझ्याकडे चार-पाच पालक येतात, बहुतेक वेळा मुलाला लांब उभं करून. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मुलांमधला लठ्ठपणा कमी करण्यासाठी सरकारने व्यायामाला उत्तेजन द्यावं का?

द्यावं. पण उत्तेजन म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला हवं. भिंतीवर घोषवाक्य रंगवणं, ठरलेल्या दिवशी प्रभातफेरी काढून वर फोटो पाठवणं, ही कामं मी स्वतः केली आहेत. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एखादं मूल जास्त धावलं, असं मला एकदाही दिसलं नाही. समोर मोकळं मैदान असलं, तास कुणी काढून घेतला नाही आणि खेळवणारं माणूस असलं, तर मुलं धावतात. त्यांना सांगावं लागत नाही. मैदान, तास आणि शिक्षक या गोष्टी आईवडील बाजारातून आणू शकत नाहीत. त्या सरकारने, महापालिकेने, जिल्हा परिषदेने आणि संस्थाचालकांनीच द्यायच्या आहेत.

आणखी एक अट मी घालेन. या सगळ्याचं यश किलोत मोजू नये. तसं मोजलं तर वर्षभरात 'उपयोग झाला नाही' असा शेरा पडेल आणि योजना बंद होईल. का, ते पुढे येईलच.

आपल्याकडे तर कुपोषण आहे. लठ्ठपणा हा शहरातल्या सुखवस्तू घरांचा प्रश्न नाही का?

दोन्ही एकाच वेळी आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याच सर्वेक्षणात, त्याच वयोगटात, जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण त्याआधीच्या फेरीतल्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. आकडा लहान दिसतो, पण पाच वर्षांत तो दुपटीहून अधिक झाला. देशभरातल्या मोठ्या मुलांचं चित्र याहून काळजीचं आहे. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार भारतात ५ ते १९ वयाची लठ्ठ मुलं १९९० साली ४ लाखांच्या आसपास होती. २०२२मध्ये ती सव्वा कोटी झाली.

आणि हे फक्त सुखवस्तू घरांत घडतं, असंही आता म्हणता येत नाही. पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट खेड्यातल्या किराणा दुकानातही माळेसारखं टांगलेलं असतं. रोजंदारीवर जाणारी आई सकाळी पोराच्या हातात पाच-दहा रुपये ठेवते, कारण डबा करायला वेळ नसतो. तिला दोष देऊ नये, पण त्या पैशांत पोटभरीचं असं फारसं काही मिळत नाही.

माझा मुलगा काडीसारखा बारीक आहे. मग हे आम्हाला लागू नाही ना?

लागू आहे, आणि हे कळायला पुण्याइतकं दुसरं ठिकाण नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान होती. पण कमी पडले होते ते स्नायू. चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीदार. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२ टक्के. जास्त चरबी कुणाची, ते सांगायला नको.

म्हणून बारीक मुलाला खेळातून सूट देणं ही आपल्या घरांतली मोठी चूक आहे. स्नायू वाढायला त्यालाही पळावं, लोंबकळावं, ढकलावं लागतं. फक्त त्याच्या पोटात आधी पुरेसं अन्न हवं. उपाशी मुलाला मैदानावर पळवू नये. सकाळच्या सत्रात चक्कर येऊन बसलेल्या मुलांना मी पहिला प्रश्न 'काय खाल्लंस?' हाच विचारते, आणि बऱ्याचदा उत्तर 'चहा' असं येतं.

रोज किती व्यायाम पुरेसा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारं काही करावं : दोरीउड्या, चढणं, जोर-बैठका, मल्लखांब. ही ६० मिनिटं सलग नसली तरी चालतात. शाळेत पायी जाणं, मधल्या सुट्टीतली पकडापकडी, संध्याकाळची लंगडी, सगळं धरायचं.

हे किती मुलं करतात? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या १४६ देशांच्या पाहणीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं या मापाला कमी पडली. भारतात हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बऱ्याच श्रीमंत देशांपेक्षा बरं. संशोधकांनी दिलेलं कारण मात्र वाचवत नाही : मुलगे क्रिकेट खेळतात, आणि मुली घरकाम करतात.

व्यायामाने वजन उतरतं का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर, एकट्या व्यायामाने फार नाही. तीस-बत्तीस किलोच्या मुलाने अर्धा तास जीव तोडून खो-खो खेळला तर साधारण शंभर-सव्वाशे कॅलरी जळतात. बाहेर येऊन त्याने एक वडापाव खाल्ला तर अडीचशे ते तीनशे कॅलरी आल्या. तीनशे मिलीलीटरच्या एका थंड पेयाच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. म्हणजे सगळी मेहनत टपरीवर दोन मिनिटांत परत भरून निघते.

शाळेतल्या आणि शाळेबाहेरच्या व्यायामाच्या कार्यक्रमांनी मुलांची एकूण हालचाल तरी किती वाढते, हेही तपासलं गेलं आहे. २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तीस प्रयोगांचा एकत्रित हिशोब आला. अशा कार्यक्रमांमुळे मुलं दिवसाला सरासरी जेमतेम चार मिनिटं जास्त चालत-पळत होती. कार्यक्रमात खेळवलं की मूल एरवी बाहेर जेवढं खेळलं असतं तेवढं कमी होत असेल, अशी एक शंका त्यात मांडली होती.

हे वाचून मला वाईट वाटलं होतं. पण खोटं आश्वासन देऊन मैदानावर आणलेलं मूल महिनाभराने काट्यावर उभं राहतं, काटा तिथेच असतो, आणि ते मूल मैदान कायमचं सोडतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मी पालकांना आधीच सांगते, वजनाचा मुख्य हिशोब ताटात आहे. व्यायाम त्याला जोड देतो, वजन आणखी वाढू न द्यायला मदत करतो. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन तेवढंच राहिलं आणि उंची वाढली, तरी ते मोठं काम आहे.

वजन उतरत नसेल तर त्यावर सरकारने पैसा का घालवावा?

कारण व्यायामाचे बाकीचे फायदे वजनावर अवलंबून नाहीत. लठ्ठ मूल लठ्ठच राहिलं आणि नियमित खेळू लागलं, तरी त्याचं हृदय आणि फुप्फुसं सुधारतात, स्नायू साखर नीट वापरू लागतात, यकृतावरची चरबी कमी व्हायला मदत होते, झोप लागते. हाडं तर मुख्यतः याच वयात भरतात. आमच्या वर्गातला एक मुलगा सातवीत जिन्याचे दोन मजले चढून धापा टाकायचा. दहावीत तो तितकाच जाड होता आणि कबड्डीच्या संघात डावा कोपरा सांभाळत होता. त्याचं वजन किती उतरलं, हा प्रश्न मला कधी महत्त्वाचा वाटला नाही.

मुलांना खेळवणं हे आईवडिलांचं काम आहे. सरकार मध्ये कशाला?

हे म्हणणं मी समजू शकते, कारण सरकार घरात डोकावलेलं मलाही आवडणार नाही. पण आपण कुठे राहतो ते पाहू. मुंबईत दरडोई मोकळी जागा एक-दीड चौरस मीटर सांगितली जाते, एका सतरंजीएवढी. शहरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शनात अपेक्षा दहा-बारा चौरस मीटरची आहे. सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या असतात, खाली 'येथे क्रिकेट खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी असते. रस्ता ओलांडून मैदानावर जायचं तर दहा वर्षांच्या मुलाला एकटं सोडायची छाती होत नाही. आणि मैदान गाठलंच, तर तिथे लग्नाचा मांडव किंवा प्रदर्शन.

आईवडिलांनी काय करायचं? मुलाला महिना दोन-तीन हजारांच्या क्रिकेट कोचिंगला घालायचं. ज्यांना परवडतं ते घालतात. बाकीच्यांची मुलं घरात बसतात. पिण्याचं पाणी नळाने देणं हे जसं नगरपालिकेचं काम, तसंच चालत जाता येईल इतक्या अंतरावर खेळायला जागा देणं हेही तिचंच.

शाळेत पी.टी.चा तास असतोच की. आणखी काय हवं?

तास वेळापत्रकात असतो. तो मैदानावर किती वेळा होतो, हे मुलांना विचारा.

गणिताचा पोर्शन राहिला की जातो तो पी.टी.चा तास. स्नेहसंमेलनाची तालीम, परीक्षेचा सराव, कुणी पाहुणे येणार असतील तर सफाई, सगळं त्याच तासात. मी एका शाळेत असताना जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत नववीचा एकही तास मैदानावर झाला नव्हता. वहीत मात्र सगळे तास भरलेले होते, आणि ते भरणारी मीच होते. त्याची खंत मला आजही आहे.

दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा श्रेणीचा विषय आहे. टक्केवारीत तो मोजला जात नाही, म्हणून त्याचा तास घेतला काय आणि नाही काय, कुणी जाब विचारत नाही. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणाऱ्यांना क्रीडा गुणांची सवलत मिळते. ती असावीच. पण ती मिळते मुळातच उत्तम खेळणाऱ्या मूठभर मुलांना. साठ जणांच्या वर्गातल्या उरलेल्या पंचावन्न मुलांसाठी, ज्यांना संघात कुणी घेत नाही त्यांच्यासाठी, त्यात काहीच नाही. आणि लठ्ठ मुलं नेमकी त्या पंचावन्नांत असतात.

शिक्षकांचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायचा, असंही आहे. कायद्यात लिहिलेलं एवढं जरी सगळीकडे प्रत्यक्षात आलं, तरी नव्या मोहिमेची गरज निम्मी होईल. 'खेलो इंडिया' २०१८पासून आणि 'फिट इंडिया' २९ ऑगस्ट २०१९पासून चालू आहे. सीबीएसईने २०१८मध्ये नववी ते बारावीला रोज एक खेळाचा तास सक्तीचा केला. हा निर्णय मला सर्वांत पटला, कारण त्यात मुलाला उपदेश नाही. वेळ दिला आहे. राज्य मंडळाच्या शाळांतही असा तास हवा, आणि तो दुसऱ्या विषयाला देऊन टाकायला बंदी हवी.

जाड मुलांसाठी वेगळा वर्ग काढला तर?

कृपा करून नको. सिंगापूरने हे करून पाहिलं आहे. १९९२ साली तिथे शाळांमध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. जास्त वजनाच्या मुलांना निवडून, सुट्टीत किंवा शाळेआधी वेगळा व्यायाम करायला लावत. आकड्यांत तो यशस्वी ठरला. प्रमाण १४ टक्क्यांवरून १०च्या खाली आलं. पण कार्यक्रमाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं उलटी वाचली की 'जाड्या' असा अर्थ निघायचा, आणि शाळाभर त्या मुलांना त्याच नावाने हाक मारली जायची. सगळे सुट्टीत डबा खात असताना ही मुलं पळत असायची. २००७ साली सरकारने तो बंद केला आणि सर्व मुलांसाठी एकच आरोग्य कार्यक्रम आणला.

आपल्याकडे 'ढोल्या', 'टुणटुण', 'हत्ती' या हाका घरातल्या माणसांपासूनच सुरू होतात, काका-मामांपासून. गंमत म्हणजे त्याच घराने दोन वर्षांचा असताना त्याला 'गुटगुटीत' म्हणून मिरवलेलं असतं. खेळाच्या शिक्षकांनाही माझी विनंती आहे : संघ पाडताना दोन कप्तानांना एकेक गडी मागायला लावू नका. शेवटी उरणारं मूल प्रत्येक वेळी तेच असतं. नंबर मोजून संघ पाडायला अर्धं मिनिट लागतं.

शाळेत मुलांचं वजन-उंची मोजावी का?

मोजावी, पण खोलीत, एकेकाची, आवाज न करता, आणि आकडा फक्त पालकांना कळवावा. 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'ची पथकं शाळांत तपासणीला येतातच. मोठ्यांसाठीचा बीएमआयचा तक्ता मुलांना लावू नका. मुलांचं वय आणि मुलगा-मुलगी पाहून वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली आपल्या मुलांसाठी ते तयार केले आहेत.

मुली वयात आल्या की खेळायचं सोडतात. काय करावं?

सहावीपर्यंत मुली मुलांच्या बरोबरीने धावतात. आठवीत आल्या की त्या मैदानाच्या कडेला दप्तर सांभाळत बसतात. विचारलं की 'मॅडम, पोट दुखतंय.' एकदा मी दार लावून त्यांच्याशी बोलले, तेव्हा खरी कारणं बाहेर आली. स्वच्छतागृहात पाणी नाही. पॅड बदलायला जागा नाही. पांढरी सलवार. मैदानाच्या कुंपणाला लागून बसणारी टोळकी. आणि घरून ताकीद, की पाच वाजता घरात पाहिजेस.

यातलं एकही कारण मुलींच्या आळसाचं नाही. सरकारला मुलींना खेळवायचं असेल तर पहिला खर्च नळ, कडी लागणारं दार आणि गडद रंगाच्या ट्रॅक पँटवर करावा. आमच्याकडे ट्रॅक पँट आली त्या वर्षी खो-खोला येणाऱ्या मुली दुपटीने वाढल्या. दुसरं काहीच बदललं नव्हतं. पाळीत खेळलं तर चालतं का, असंही आया विचारतात. त्रास होत नसेल तर चालतं, आणि काही जणींना हालचालीने बरंच वाटतं.

मग खाण्याकडे सरकारने पाहावं की नाही?

पाहावंच, नाहीतर मैदानावरचं सगळं काम वाया जाईल. नियम आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार जास्त तेल, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहा आणि पन्नास मीटर चालून पाहा. मे २०२५मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले : कुठल्या पेयात किती साखर. सप्टेंबर २०२५पासून गोड शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. मेक्सिकोने २०१४ साली आणि ब्रिटनने २०१८ साली अशा पेयांवर कर बसवला, त्याच वाटेवर आपण आहोत.

मला एकाच गोष्टीची भीती वाटते. पेयं आणि वेफर्स विकणाऱ्या कंपन्यांना 'मुलांनो, खेळा' हा संदेश फार आवडतो, कारण तो दिला की खाण्याबद्दल कुणी बोलत नाही. आंतरशालेय स्पर्धेला अशा कंपनीचं प्रायोजकत्व घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बक्षीस म्हणून विजेत्या संघाला कोल्ड्रिंक देणंही बंद करावं. लिंबू सरबत, केळी, चिक्की, ताक यांत काय कमी आहे?

सूर्यनमस्कार सक्तीचे केले तर?

औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी तसे केले होते. राजे स्वतः रोज घालत आणि शाळांतूनही घालून घेत. माझ्या मते तिथे ते रुजलं, कारण राजा मुलांच्या आधी उठून स्वतः घालत होता. सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे, जागा सतरंजीएवढी लागते, पैसा लागत नाही. पण नुसती सक्ती केली की मुलं हात वर-खाली करून बारा मोजून मोकळी होतात. शिवाय काही घरांची हरकत असते, तिचाही मान ठेवावा. सक्ती करायचीच तर वेळेची करा. त्या वेळात कुणी सूर्यनमस्कार घालेल, कुणी लगोरी खेळेल, कुणी दोरीवर उड्या मारेल.

मैदानच नाही, पैसाही नाही. अशा शाळेने काय करावं?

स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटं, गणवेशातच, बाहेर पळायला-चालायला सोडायला सुरुवात केली. स्पर्धा नाही, साहित्य नाही. तो प्रयोग पुढे अनेक देशांत पोहोचला. आपल्याकडे उन्हामुळे वेळ बदलावी लागेल. विदर्भ-मराठवाड्यात मार्च लागला की दहानंतर मुलांना उन्हात काढू नये. परिपाठाला लागून पंधरा मिनिटं काढता येतात. आट्यापाट्या, लंगडी, विषामृत यांना खडू आणि वीस पावलं जागा पुरते.

दहावीचं वर्ष आहे. खेळ बंद करू का?

नका करू. संध्याकाळी पाऊण तास खेळून आलेलं मूल अभ्यासाला ताजं बसतं. मोबाइलचा पाऊण तास कमी करा.

डॉक्टरांना कधी दाखवावं?

मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, मखमलीसारखी त्वचा दिसत असेल, आणि ती घासूनही जात नसेल, तर तो मळ नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. खूप घोरणं, झोपेत श्वास अडकणं, गुडघे किंवा कंबर दुखणं, मुलींची पाळी महिनोन् महिने न येणं, धावताना छातीत दुखणं किंवा भोवळ येणं, यांपैकी काहीही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. इंटरनेटवर पाहून मुलांना उपास किंवा पावडरी देऊ नका.

एक पालक म्हणून मी कुणाकडे काय मागू?

सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. तिथे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या : गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या वर्गाचे खेळाचे किती तास मैदानावर झाले, खेळाचे शिक्षक किती आहेत, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का. खासगी शाळेत हेच प्रश्न पालक-शिक्षक संघात विचारता येतात. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातात. आपल्या भागात 'खेळाचे मैदान' म्हणून आरक्षित प्लॉट कुठला आहे ते नकाशावर शोधा, आणि तिथे आज काय उभं आहे ते एकदा चालत जाऊन बघा. जाताना मुलाला बरोबर न्या.